पोटातील वस्ती

जंतू म्हटले की पटकी आणि विषमज्वर हेच आपल्या डोळ्यांसमोर येतात. गेल्या पावसाळ्यापर्यंत माझीही समजूत याहून वेगळी नव्हती. त्या वेळी साध्या सर्दीसाठी कोणालाही न विचारता मी घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेतल्या. सर्दी जायची तेव्हाच गेली. पोट मात्र दोन आठवडे बिघडले. असे का व्हावे, हे शोधताना हा विषय हाती लागला.

आपल्या मोठ्या आतड्यात जंतूंची दाट वस्ती असते. २०१६ साली इस्रायल व कॅनडातील शास्त्रज्ञांनी मांडलेल्या हिशेबानुसार सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात. त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी! या साऱ्या जंतूंचे वजन मात्र जेमतेम २०० ग्रॅम.

हे भाडेकरू फुकट राहत नाहीत. ज्वारीतला कोंडा, तुरीच्या डाळीतले तंतू आपल्याला पचत नाहीत. जंतू ते आंबवतात व त्यातून ब्युटिरिक आम्ल तयार होते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन तेच. शिवाय जागा अडवून ते रोगजंतूंना ठाव देत नाहीत. प्रतिजैविकाला घरचा कोण नि चोर कोण हे कळत नाही. रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू माजला तर जीवघेणा अतिसार होतो. त्यावर नेदरलँड्समधील डॉक्टरांनी निरोगी माणसाची विष्ठा कालवून, गाळून, नळीने रोग्याच्या आतड्यात सोडली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ती नेहमीच्या औषधापेक्षा सरस ठरली. वाचकांना किळस येईल, मलाही आली.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांनी भारतीयांच्या आतड्यातील जंतूंचा अभ्यास केला. २०१९ साली भोपाळ व केरळातील ११० निरोगी व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध झाली; त्यांपैकी मुख्यतः शाकाहारी अशा भोपाळकडील लोकांत प्रीव्होटेला हा जंतू विपुल आढळला.

माझे पोट बिघडले तेव्हा आजीने आंबील दिली. शेजारच्या अक्का तिलाच अंबली म्हणतात. तिनेच गुण आला असे मी लिहिणार नाही. ताकातले जंतू बहुधा आतड्यात मुक्काम करीत नाहीत, काही दिवसांत निघून जातात. जुने रहिवासीच हळूहळू वाढतात, आणि त्यांना हवा असतो कोंडा. आम्ही मित्र मात्र पाव-बिस्किटांवर दिवस काढतो, आणि घरून आलेली कडक भाकरी पेटीत लपवून ठेवतो.