पावसाचें पाणी जातें कोठें?

विद्यार्थिमित्रहो, पावसाळ्यांत वर्गाच्या खिडकींतून पन्हळीची धार पडतांना तुम्हीं पुष्कळदां पाहिली असेल. घंटा होते, पाऊस थांबतो, पटांगण निथळतें आणि तुम्ही खेळावयास धांवतां. पण ती धार गेली कोठें, हा प्रश्न आपणांपैकीं किती जणांस पडतो? आम्हांसही तो पुष्कळ वर्षें पडला नव्हता. पुढें तो ज्या रीतीनें पडला, ती हकीकत फारशी अभिमानाची नाहीं. ती यथावकाश सांगूं. प्रथम विषयाचा शास्त्रीय भाग समजून घेणें बरें.

१ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर १ लिटर पाणी पडतें. हें माप ध्यानांत ठेवावें. ५०० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एकट्या छपरावरून २५,००० लिटर पाणी खालीं येतें. आतां एक प्रयोग करून पाहा. दोन उथळ खोकीं घेऊन एकांत हरळीसह माती भरा व दुसऱ्यांत फरशी बसवा. दोन्हीं सारखींच तिरपीं ठेवून, खालच्या कडेस भोंक पाडून, त्याखालीं एकेक भांडें ठेवा आणि दोहोंवर झारीनें सारखेंच पाणी शिंपा. फरशीवरील पाणी तत्काळ आणि जवळजवळ सर्वच्या सर्व भांड्यांत येईल. मातींतील पाणी उशिरां येईल, कमी येईल, आणि झारी बाजूस ठेविल्यावरही थेंब थेंब गळत राहील.

या लहानशा प्रयोगांत ओढ्याचें सारें चरित्र आहे. पाणलोटांत माती, गवत व झाडें असलीं म्हणजे ओढा पावसांत बेताचा चढतो आणि पाऊस गेल्यावरही जमिनींत मुरलेल्या पाण्यावर वाहत राहतो. तेथेंच छपरें, डांबर व सिमेंट पसरलें, कीं तोच ओढा सप्टेंबरांत उफाळतो आणि जानेवारींत आटतो. पूर आणि कोरड हीं दोन निराळीं संकटें नव्हेत. न मुरलेल्या पाण्याचीं तीं दोन रूपें होत.

पुण्यांतील आंबिल ओढ्याचें उदाहरण घ्या. कात्रजच्या डोंगरांत उगम पावून उत्तरेकडे वाहत हा ओढा मुठा नदीस मिळतो. अठराव्या शतकांत नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रज येथें बांध घालून पाणी सांठविलें गेलें व दगडी नळानें तें शहरांतील हौदांत आणिलें गेलें. त्याच काळांत पर्वतीच्या पायथ्याशीं ओढ्याचा प्रवाह वळवून तळें करण्यांत आलें. आज सारसबाग आहे, तेथें तें तळें होतें. म्हणजे मनुष्यानें या ओढ्यास हात लाविला तो आजचा नव्हे. परंतु तेव्हां पाणी अडवून त्याचा उपयोग करण्याकडे दृष्टि होती. पुढें शहर दक्षिणेस वाढलें, उतारांवर घरें झालीं, ओढ्याचें पात्र जागोजाग आकसलें, आणि पाणी लवकरांत लवकर आपल्या दारापासून घालवावें एवढीच दृष्टि उरली.

तिचा परिणाम २०१९ सालच्या २५ सप्टेंबरच्या रात्रीं दिसला. थोड्या वेळांत मुसळधार पाऊस झाला आणि ओढा अरण्येश्वर, टांगेवाले वसाहत इत्यादि भागांतील घरांत शिरला. भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या. त्या पावसानें पुणें शहर व जिल्हा मिळून वीसांहून अधिक मनुष्यें प्राणांस मुकलीं. मरणारांपैकीं कित्येकजण भिंतीच्या आडोशास राहणारे गरीब होते. पाऊस सर्वांच्या छपरांवर पडला होता. पाणी मात्र खालच्यांच्या घरांत गेलें.

आतां आमची हकीकत. आमची शाळा याच पाणलोटांत एका चढावर आहे. पटांगणांत चिखल होतो म्हणून कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं सर्वत्र सिमेंटच्या लाद्या बसविल्या आणि कुंपणाच्या भिंतीला भोंक पाडून पाणी बाहेर काढून दिलें. काम सुरेख झालें. मुलांचे बूट कोरडे राहूं लागले. आम्हांसही मोठें समाधान वाटलें. पुढच्याच पावसाळ्यांत खालच्या गल्लींतील एक म्हातारी बाई, जिची नात आमच्याच वर्गांत शिकत होती, फाटकाशीं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, तुमचं आंगण वाळलं, पन आमची चूल भिजली." तिच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर कदाचित् आम्हांस उत्तर सुचलें असतें. आम्ही छत्री घेऊन तिच्याबरोबर गेलों. आमच्या भोंकांतून निघालेला लोट तिच्या उंबऱ्यावरून आंत शिरत होता. भूगोलाच्या तासाला पाणलोटाची व्याख्या आम्हीं कितीतरी वेळां फळ्यावर लिहिली होती. तिचा अर्थ त्या दिवशीं कळला.

सुटींत आम्हीं कडेच्या लाद्यांचा एक रुंद पट्टा उखडून तेथें माती व हरळी लाविली, आणि छपराच्या पन्हळींखालीं शोषखड्डे खणिले. पुण्याच्या भूमींत खालीं काळा पाषाण आहे. तो पाणी सहज पीत नाहीं. यास्तव खड्डा वरच्या चिकण मातींतून खालीं मुरमापर्यंत नेला पाहिजे. तळाशीं मोठे दगड, त्यांवर खडी व वर वाळू असा भराव असावा. खड्डा इमारतीच्या पायापासून व शौचकूपापासून दूर असावा, आणि मोरीचें पाणी त्यांत कधींही सोडूं नये. पहिल्या पावसानें छप्पर धुतलें जातें. तें मळकें पाणी वगळून मगच पुढचें आंत घ्यावें. वरची वाळू दरवर्षीं धुवावी, नाहींतर गाळानें खड्डा बुजतो.

याची मर्यादाही सांगितली पाहिजे. २ मीटर लांब, तितकाच रुंद व खोल खड्डा दगडांनीं भरला असतां एका वेळीं सुमारें ३,००० लिटर पाणीच त्यांत मावतें. वरच्या गणितांतील २५,००० लिटरांशीं ताडून पाहा. आतां साधारण सरीचें पाणी आमच्या भोंकांतून बाहेर पडत नाहीं, पण मोठ्या पावसांत अद्यापि पडतें. मुंबईंत २००५ सालीं २६ जुलैच्या पावसांत सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाणी पडलें व मिठी नदीनें हाहाकार केला. असल्या वृष्टीपुढें शोषखड्डा तो काय करणार? तेव्हां नदीला पसरावयास तिचें स्वतःचें पात्र व कांठ मोकळा असावा लागतो. म्हणून कांठावर भराव न टाकणें, पात्रांत बांधकाम न करणें व पावसाळ्यापूर्वीं गाळ काढणें, हीं नगरपालिकेचीं व नागरिकांचीं मिळून कर्तव्यें आहेत. एकट्या घराच्या खड्ड्यानें पूर टळत नाहीं. पण शेंकडों अंगणांतील पाणी थबकलें, तर नित्याचा लोंढा खचित उतरतो.

पाण्याबरोबर काय वाहतें तेंही पाहावें. रस्त्यावरील तेल, उकिरड्याची घाण, प्लास्टिकच्या पिशव्या हीं सर्व नाल्यावाटे मुठेंत जातात. मुठा मुळेस मिळते, मुळा-मुठा भीमेस, आणि भीमेवर उजनीचें धरण आहे, ज्याचें पाणी सोलापुरास पुरविलें जातें. आपण येथें गटारांत टाकिलेली पिशवी ही कोणा दूरच्या शेजाऱ्याच्या घागरीच्या वाटेवर आहे.

विद्यार्थिमित्रहो, या सुटींत एक काम करा. पाऊस पडूं लागला म्हणजे आपल्या घराच्या पन्हळीपासून निघा आणि पाणी जेथें जातें तेथवर त्याच्या मागोमाग जा. कोठें मुरतें, कोठें तुंबतें, कोणाच्या दारांत शिरतें, हें वहींत टिपून नकाशा काढा. मात्र ओढ्यास लोट आला असतां पाण्याजवळ जाऊं नका. शाळा उघडल्यावर ते सर्व नकाशे जोडून आपण भिंतीवर लावूं, म्हणजे आपल्या ओढ्याचें खरें चित्र तयार होईल. त्या चित्रांत खालच्या गल्लींतील प्रत्येक उंबरा दाखविलेला असावा, एवढी आमची अपेक्षा आहे. तो उंबरा आमच्या नकाशांत फार दिवस नव्हता.