विरळ हवेतील शर्यत

"डॉक्टर, काही नाही, फक्त एक सही हवी आहे," असे म्हणत ऑगस्टच्या एका संध्याकाळी एक परिचित गृहस्थ दवाखान्यात आले. वय बेचाळीस, बँकेत नोकरी. पहाटे पोहणे, रविवारी सायकलवरून कास, आठवड्यातून तीनदा यवतेश्वरचा घाट धावत चढणे, असा त्यांचा चार वर्षांचा नेम. पोहणे, सायकल आणि धावणे या तिन्हींची सलग शर्यत म्हणजे ट्रायथलॉन. गोव्यात २०१९ साली पहिल्यांदा भरलेली अर्धी आयर्नमॅन हे त्यांचे लक्ष्य होते. तीत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. जमले तर पुढे याच्या दुप्पट अंतराची पूर्ण आयर्नमॅन. त्याआधी सप्टेंबरात 'सराव म्हणून' लेहच्या अर्धमॅरेथॉनला त्यांनी नाव घातले होते आणि त्यासाठी तंदुरुस्तीचा दाखला हवा होता.

रक्तदाब उत्तम, ईसीजी स्वच्छ, बसल्या जागी नाडी ५२. मी सहज विचारले, "विमान कधीचे?"

"शुक्रवारी सकाळी पोहोचतो, रविवारी शर्यत, सोमवारी परत. रजा नाही हो शिल्लक."

मी सही केली नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका धडधाकट तरुणाला मी तारखा न विचारता दाखला दिला होता. लेहला उतरल्याच्या संध्याकाळी त्याचे डोके दुखू लागले. गोळी घेऊन तो दुसऱ्या दिवशी पाच किलोमीटर पळाला. त्यानंतरच्या रात्री खोकला सुरू झाला आणि आडवे झाले की दम लागू लागला. सोबत्यांनी तशा रात्रीच इस्पितळात नेले म्हणून वाचला. फुफ्फुसात पाणी झाले होते. त्याचे हृदय मी तपासले, पण प्रवासाच्या तारखा विचारल्या नाहीत, ही चूक माझी.

लेह सुमारे ३,५०० मीटर, म्हणजे साडेअकरा हजार फूट उंचीवर आहे. तेथील हवेतही प्राणवायू २१ टक्केच असतो. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्केच असल्याने प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. शरीर लगेच तजवीज सुरू करते. श्वास वाढतो, नाडी वाढते, लघवी जास्त होते. झोपेत श्वास मधूनच थांबून पुन्हा जोराने सुरू होतो आणि माणूस दचकून उठतो. हे सारे जमून यायला काही दिवस लागतात. विमान मात्र काही तासांत पोहोचवते.

"पण डॉक्टर, मी घाट चढतो, महाबळेश्वरला जाऊन पळतो," असे त्यांचे म्हणणे. महाबळेश्वर जेमतेम चौदाशे मीटर. राज्यातले सर्वांत उंच कळसूबाईचे शिखरही १,६४६ मीटर. तेथे दम लागतो तो चढाचा, विरळ हवेचा नव्हे. शिवाय व्यायामाने कमावलेले शरीर उंचीच्या आजारापासून वाचवत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. उलट तरुण, दमदार माणूस पहिल्याच दिवशी धावपळ करतो आणि तोच आजारी पडतो. आपल्या सैन्यातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयातील १,९२५ जवानांच्या अशा आजाराचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. जगभर आजही त्याचा दाखला दिला जातो. ते जवान काही अशक्त नव्हते.

खेळातले उदाहरण १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकचे. मेक्सिको शहर २,२४० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा पुष्कळच खाली. दहा हजार मीटरचा तेव्हाचा विश्वविक्रम २७ मिनिटे ३९.४ सेकंदांचा, ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कचा. तेथे केनियाच्या नफ्ताली तेमूने सुवर्णपदक जिंकले ते २९ मिनिटे २७.४ सेकंदांत, आणि क्लार्क सहावा येऊन कोसळला; त्याला प्राणवायू द्यावा लागला. सायकलस्वारांचे गणित जरा निराळे. विरळ हवा अंगावर कमी अडते, म्हणून एडी मर्क्सने १९७२ मध्ये तासाभराचा विक्रम करायला मेक्सिकोच गाठले. धावणाऱ्याला हा फायदा फारसा मिळत नाही.

आमच्या गृहस्थांनी तोंड वाकडे केले, पण रजेची व्यवस्था करून तिकीट आठ दिवस अलीकडे आणले. मग मी दाखला लिहिला आणि सोबत सूचनाही लिहून दिल्या. पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती. तिसऱ्या दिवसापासून चालणे, मग हलके धावणे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. आणि मोटारीतून खारदुंगला बघून येण्याची घाई नको. ती खिंड पाच हजार तीनशे मीटरच्याही वर आहे.

उंचीवर गेल्यावर डोके दुखले, मळमळले, भूक गेली, तर तो उंचीचाच आजार समजावा. प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नये. तो उतरेपर्यंत आणखी वर जायचे नाही आणि धावायचेही नाही. बसल्या जागी दम लागणे, खोकला, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा चवडा लावून सरळ रेषेत चालता न येणे, असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब प्राणवायू देऊन खाली उतरवायचे. फुफ्फुसात पाणी किंवा मेंदूला सूज, दोन्ही जीवघेणे. कोविडपासून घरोघरी आलेले बोटाचे ऑक्सिमीटर लेहला पहिल्या दिवशी ८५ ते ९० दाखवील. त्याने घाबरू नये आणि ९२ दिसले म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्षही करू नये.

ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी हा आजार टाळण्यास उपयोगी आहे; आदल्या दिवसापासून १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना सांगावे. पर्यटकाने ती डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावी. पण ती लघवी वाढवणारी असल्याने खेळाडूंसाठी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे. हौशी स्पर्धकांनाही हा नियम लागू होऊ शकतो. म्हणून स्पर्धकाने आधी परवानगीचे पाहावे. आजारी पडल्यावर मात्र औषध आधी आणि शर्यत नंतर.

गृहस्थ सुखरूप परतले, पण हिरमुसले. घरी एक तास पन्नास मिनिटांत होणारे अंतर लेहला दोन तास चौदा मिनिटांत झाले होते. "चार वर्षांची मेहनत गेली की काय?" नाही. त्या उंचीवर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. घड्याळातले नाडीचे हिशेबही तेथे चुकतात. त्याच वेगाला नाडी जास्त असते आणि कमाल नाडी मात्र थोडी खाली येते. तेथे दोन शब्द बोलता येतील इतक्याच वेगाने पळावे. त्यांनी तसेच केले होते.

मग हातातला कागद पुढे केला. हिमोग्लोबिन १४.१ वरून १५.२ झाले होते. "रक्त वाढले ना?" आमटी आटली की खारट लागते, मीठ मात्र तेवढेच असते. पहिल्या आठवड्यात रक्तातले पाणी कमी होते म्हणून आकडा वाढतो. तांबड्या पेशी खरोखर वाढायला दोन ते अडीच हजार मीटरवर तीन-चार आठवडे राहावे लागते आणि शरीरात लोहाचा साठाही लागतो. आणि गोव्याच्या शर्यतीत त्रास व्हायचा तो दमट उकाड्याचा. लेहची कोरडी, थंड हवा त्याची तयारी करून देत नाही. त्यासाठी आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात, हळूहळू वेळ वाढवत केलेला सराव बरा.

त्यांचा लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तपासले तर फक्त १८ निघाले. पुरुषाला हे कमीच. खरे तर जाण्याआधीच मी ही तपासणी सांगायला हवी होती. रक्त कोठून जात नाही ना, म्हणून शौचाची तपासणी केली. तीत काही निघाले नाही. गृहस्थ शाकाहारी, घाम गाळणारे आणि जेवणावर लगेच चहा पिणारे. गोव्याला सात आठवडे होते. लोहाची गोळी एक दिवसाआड, सकाळी लिंबूपाण्याबरोबर सुरू केली. चहा त्यानंतर दोन तासांनी.