जुन्या झाडांना मातीची भर घालू नका

मोठा पाऊस झाला की वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या सोसायट्यांची एकच विचारणा असते: बागेत पाणी साचलंय, भराव टाकू का? नवी झाडे उंचवट्यावर जरूर लावा. जुन्या झाडाच्या बुंध्यावर मात्र घमेलेभरही माती चढवू नका.

हा भाग सखल. मुसळधार पाऊस आणि खाडीची भरती एकत्र आली की नाले पुढे वाहत नाहीत. जुलै 2018 मध्ये वसई तुंबली, लोकलही थांबल्या. पावसाळ्यात इथे भूजल इतके वर येते की शोषखड्डा आधीच भरलेला असतो. तरी दर उन्हाळ्यात ठेकेदार तो सुचवतो आणि कमिटी मंजूर करते!

झाडाची अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांत असतात. त्यावर डेब्रिज आणि लाल माती पडली की त्यांची हवा तुटते, बुंध्याची साल कुजते. झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंडे वाळतात, मग एखाद्या वादळात ते आडवे होते. तोवर भराव कोणाच्या लक्षातही नसतो. एका सोसायटीत सोनमोहोर पिवळा पडला म्हणून आधी युरिया, मग टॉनिक, शेवटी गेरू-चुना झाला. बुंधा उकरला तेव्हा जुनी जमीन हातभर खाली लागली आणि साल बोटाने सुटून आली. युरियाचे पैसे मजुरीवर घालून भर वेळीच काढली असती, तर झाड वाचले असते.

म्हणून जुनी भर हाताने, मुळांना न दुखवता काढा. खोड जिथे मुळांकडे रुंदावते ती जागा उघडी दिसली पाहिजे. पेव्हर ब्लॉक खोडापासून किमान एक मीटर लांब ठेवा.

नव्या बागेत इमारतीपासून दूर, 100 फुटांना एक ते दोन फूट उतार द्या आणि एक कोपरा मुद्दाम खोलगट ठेवा. तिथे कर्दळ, सोनटक्का लावा. काठाला तामण, करंज, समुद्रफळ. माती खारी असेल तर भेंड, उंडी. सोनचाफा वसईची शान खरी, पण साचलेले पाणी त्याला सोसत नाही. त्याला दीड-दोन फुटांची उंच गादी हवी.

पाणी असेपर्यंत खत बंद, लॉनवर चालणे बंद. जास्वंद, एक्झोरा ओल्या मातीतही माना टाकतात. ती तहान नव्हे, पाइप लावू नका. वाफसा आल्यावर माती हलकी मोकळी करा. मूळकूज दिसलीच तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम घेऊन आळवणी करा. त्यात ट्रायकोडर्मा मिसळू नका. बुंध्याशी मीठ आणि चहाचा चोथा टाकणे आता पुरे.

फांद्या सरसकट छाटू नका. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी आधी घ्या. आणि भरावाचा डंपर आला, तर तो गेटवरूनच परत पाठवा.