परसबागेचे बियाणे व गावातील जाणती माणसे

महागाव तालुक्यातील शिवार कपाशी व सोयाबीनचे. भाजीपाला उरतो तो परसात आणि बांधावर, व त्याचे ज्ञान बहुधा घरच्या वृद्ध स्त्रियांपाशी असते. ते पुस्तकात नाही, म्हणून शाळेच्या उंबरठ्याबाहेर राहिले. वस्तुतः अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई सोमा पोपेरे यांना शालेय शिक्षण मिळाले नव्हते. तरी गावरान वाणांच्या जतनाबद्दल त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बियाणे न्यावे व हंगामानंतर दुप्पट परत करावे, असा त्यांचा रिवाज.

परसबागेत हा पाठ घेताना शिक्षकाने एक भेद आधी समजून घ्यावा. बरबटीचे परागीभवन बहुधा त्याच फुलात होते. म्हणून तिचे बी वाणाशी इमान राखते. लाल भोपळ्याची नर व मादी फुले वेगळी असल्याने मधमाशी दोन वाणांचे पराग सहज मिसळते. याकरिता उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही कळ्या दोऱ्याने हलकेच बांधाव्यात. सकाळी नर फुलातील पराग मादी फुलास लावून ते पुन्हा बांधावे व देठास खूण करावी. पाकळ्यांखालील इवलासा भोपळा पाहून मुले मादी फूल तत्काळ ओळखतात. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये; त्याची पुढील पिढी एकसारखी येत नाही.

बी राखेत ठेवावे की कडुनिंबाच्या पाल्यात, हे गावातील एखाद्या आजींना वर्गात बोलावून विचारावे. प्रथम त्या संकोचतील. सुपात बी घालून पुढे ठेवले की बोलू लागतील. शिक्षकाने तेवढा वेळ फळ्यावर लिहून घ्यावे.