ऑनलाइन अभ्यासक्रमातील मोकळीक आणि विद्यार्थ्यांचे यश



नोकरी करून किंवा घर सांभाळून शिकणाऱ्यांना विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रम म्हणजे मोठीच सोय आहे. व्याख्यान रात्री ऐका, पहाटे ऐका. समजले नाही तर पुन्हा ऐका. परंतु सोय म्हणजे यश नव्हे.

हार्वर्ड व एमआयटी यांच्या एडएक्सवरील अभ्यासक्रमांचा आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदविणाऱ्यांपैकी अवघ्या ३.१३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. प्रमाणपत्रासाठी शुल्क भरणाऱ्यांत मात्र हे प्रमाण ४६ टक्के होते. जो निश्चयाने येतो, तोच बहुधा शेवटपर्यंत टिकतो.

आपल्याकडील एनपीटीईएलची पद्धत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याचा स्वाध्याय मुदतीत द्यावा लागतो. मात्र त्यांतील उत्तम ८ स्वाध्यायांचेच गुण धरतात. आजारपण, लग्नकार्य यांसाठी एवढी सूट पुरेशी आहे. स्वाध्यायांना २५ गुण, तर केंद्रावरील परीक्षेला ७५. म्हणजे मोकळीक आहे, पण तिला कुंपणही आहे.

बँकेत आवर्ती ठेवीचा हप्ता चुकवून "पुढच्या महिन्यात दोन भरतो" म्हणणारे खातेदार मी रोज पाहतो. पुढच्या महिन्यात दोन हप्ते अधिकच जड जातात. अभ्यासाचेही तसेच आहे.

म्हणून नाव नोंदविताच रोजचा एक तास ठरवा, तो घरच्यांना सांगा आणि दोघे-तिघे मिळून अभ्यास करा. महाविद्यालयाची घंटा येथे वाजत नाही. ती आपली आपणच वाजवायची असते.