दयाळाचे निदान

वैद्यकाच्या अभ्यासात रुग्णाला हात लावण्यापूर्वी त्याला नीट पाहावयास शिकवितात. हा जुना धडा आदिलाबादमधील माझ्या दवाखान्याच्या आवारात एका पक्ष्याने मला उतारवयात पुन्हा शिकविला.

फाल्गुन लागला की पहाटे कडुनिंबाच्या शेंड्यावरून मधुर शीळ ऐकू येई. गाणारा पक्षी बुलबुलाएवढा, सुमारे १९ सेंटिमीटर लांबीचा. डोके, पाठ व छाती काळीभोर, पोट पांढरे, पंखावर लांब पांढरा पट्टा आणि शेपूट वर उचललेली. हा दयाळ. याच्याशी चिरकाची गल्लत होते. परंतु चीरक आकाराने लहान, त्याच्या नराचे पोट काळे आणि शेपटीखाली तांबूस रंग असतो.

निदान झाले, असे समजून मी निश्चिंत झालो. त्याच आवारात वावरणाऱ्या एका करड्या पक्ष्याकडे मात्र माझे लक्ष नव्हते. पावसाळ्यापूर्वी कुंपणाच्या भिंतीतील भोके बुजविण्यासाठी गवंडी आला. त्याने थापी उचलली, तोच तो करडा पक्षी चोचीत गवताची काडी घेऊन एका भोकात शिरला. काळा दयाळ जवळच पहारा देत होता. नराच्या अंगावर जेथे काळा रंग, तेथे मादीच्या अंगावर राखाडी; एवढी साधी खूण माझ्या ध्यानी आली नव्हती.

नराचे गाणे हद्द राखण्यासाठी व मादीला आकृष्ट करण्यासाठी असते. घरटे प्रामुख्याने मादी बांधते, अंडीही तीच उबविते; त्यास सुमारे दोन आठवडे लागतात. पिलांना कीटक भरविण्याचे काम मात्र दोघेही करतात. विणीचा हंगाम सरला की गाणे थांबते आणि पक्षी निघून गेला असे आपणास वाटते. वस्तुतः तो तेथेच असतो. लक्षण दिसेनासे झाले म्हणून निष्कर्ष काढू नये, हे आपणा डॉक्टरांना कोणी सांगावे?

दयाळ झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात घरटे करतो. जुने झाड तोडले, भिंतीला सलग गिलावा केला की त्याचा आसरा जातो. बांगलादेशाने ज्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला, तोच पक्षी सिंगापूरमधून १९७० च्या दशकात जवळजवळ नाहीसा झाला होता. पिंजऱ्यासाठी पकडणे हे त्याचे एक प्रमुख कारण.

मी गवंड्याला दीड महिन्याने बोलाविले. ते एक भोक आजही उघडे आहे. मित्रहो, आपल्या आवारातील भोक बुजविण्यापूर्वी पंधरा मिनिटे त्याकडे पाहावे, एवढीच विनंती.