ट्रॅक्टरचे आयुष्य : जुना ठेवावा की नवा घ्यावा?

नांगरट, पेरणी, मळणी व मालाची वाहतूक ह्या कामांसाठी ट्रॅक्टरचा वापर आता गावोगाव रूढ झाला आहे. बैलाचे दात व चाल पाहून त्याचे वय ठरविण्याची विद्या शेतकऱ्यास परंपरेने लाभलेली आहे. परंतु यंत्राचे वय ओळखण्याची सवय अद्याप पुरेशी रुजलेली नाही. त्यामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. कोणी शेजाऱ्याच्या दारात नवा ट्रॅक्टर आलेला पाहून आपला चालता ट्रॅक्टर विकतो व सात-बारावर कर्जाचा बोजा चढवून घेतो. उलटपक्षी, कोणी जीर्ण यंत्र तसेच वापरीत राहतो आणि ऐन वाफशाच्या वेळी ते बंद पडून पेरणी लांबते. हे दोन्ही प्रकार टाळावयाचे असतील तर भावनेपेक्षा हिशेबावर भर दिला पाहिजे.

आयुष्य तासांत मोजावे

मोटारगाडीचे वय किलोमीटरांवरून ठरते; ट्रॅक्टरचे वय इंजिन किती तास चालले ह्यावरून ठरवावे. शेती-अभियांत्रिकीच्या हिशेबात ट्रॅक्टरचे आयुष्य सर्वसाधारणपणे १०,००० तास, म्हणजे वर्षाला १,००० तासांप्रमाणे १० वर्षे, असे धरतात. पण अनेक लहान शेतकऱ्यांचा ट्रॅक्टर वर्षाकाठी ४०० तासही चालत नाही. अशा यंत्राचे दहाव्या वर्षी ४,००० तासच झालेले असतात. रबरी सील, वायरिंग व टायर हे भाग न वापरताही जुने होतात हे खरे. तथापि इंजिन व गिअरपेटी ह्यांचे बरेच आयुष्य शिल्लक असते.

नोंदणीची मुदत व यंत्राचे आयुष्य ह्यांतही गल्लत करू नये. ट्रॅक्टरची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणीत वाहन योग्य ठरल्यास नोंदणीचे ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते.

आयुष्य कशाने घटते?

इंजिनाचा सर्वांत मोठा शत्रू धूळ होय. एअर क्लीनरमधून धूळ आत गेली म्हणजे ती तेलात मिसळून लायनर व रिंगा घासून टाकते. म्हणून ऑइल-बाथ एअर क्लीनर असल्यास धुळीच्या दिवसांत त्याची वाटी रोज पाहावी व तळाशी गाळ साचताच तेल बदलावे. इंजिन ऑइल व फिल्टर यंत्रासोबत मिळालेल्या पुस्तिकेत सांगितलेल्या तासांनुसार बदलावेत. भातखाचरात चिखलणी केल्यावर पुढील आसाचे व चाकांचे सील तपासावेत, कारण तेथून पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

धुरावरूनही यंत्राची प्रकृती कळते. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जळत आहे. काळा धूर म्हणजे हवा अपुरी पडते, नोझल बिघडले आहे किंवा भार अधिक झाला आहे. तेल दुधासारखे पांढरट दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे, असे समजून यंत्र ताबडतोब थांबवावे. ह्यांतील बहुतेक दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत. लायनर, पिस्टन व रिंगा बदलून इंजिन बांधून घेता येते. निळा धूर दिसला की ट्रॅक्टर विकलाच पाहिजे असे नाही.

हिशेब कसा करावा?

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या ट्रॅक्टरचे आकडे घालून पाहावे.

नव्या ट्रॅक्टरची किंमत ७,००,००० रुपये व दहा वर्षांनंतरची किंमत ७०,००० रुपये धरल्यास वार्षिक घसारा ६३,००० रुपये येतो. सरासरी गुंतवणूक ३,८५,००० रुपये होते; तिच्यावर शेकडा १० दराने व्याज ३८,५०० रुपये. किरकोळ देखभाल १०,००० रुपये धरली तर एकूण वार्षिक खर्च १,११,५०० रुपये होतो.

आता जुना ट्रॅक्टर पाहू. त्याची आजची किंमत २,००,००० रुपये आहे. वर्षभरात ती २०,००० रुपयांनी घटेल. तो विकून आलेल्या पैशांवर जे व्याज मिळाले असते ते २०,००० रुपये. दुरुस्ती ३५,००० रुपये. एकूण ७५,००० रुपये. म्हणजे जुना ठेवण्यात वर्षाला ३६,५०० रुपयांची बचत आहे. डिझेल व चालकाचा खर्च दोन्हीकडे सारखा धरला आहे. जुना ट्रॅक्टर डिझेल अधिक पीत असल्यास तेवढा फरक त्याच्या खर्चात मिळवावा.

हा हिशेब करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इंजिन बांधण्यास ८०,००० रुपये लागले व ते पुढे चार वर्षे चालणार असेल, तर वर्षाचा खर्च २०,००० रुपयेच धरावा. तसेच मागील वर्षी दुरुस्तीत घातलेला पैसा हिशेबात आणू नये. तो परत येत नाही. प्रश्न पुढील खर्चाचा असतो.

दि. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कराचा पूर्ण लाभ मिळाल्यास किंमत सुमारे ६ टक्क्यांनी उतरते. ज्यास ट्रॅक्टर बदलणे भागच आहे त्यास ही सवलत उपयोगी आहे. परंतु वरील उदाहरणातील निर्णय तेवढ्याने बदलत नाही.

केव्हा बदलावा?

पुढील परिस्थितीत जुन्या ट्रॅक्टरचा मोह सोडावा : जुन्याचा वार्षिक खर्च नव्याच्या खर्चाएवढा झाला असता, सुटे भाग मिळेनासे झाले असता, ऐन हंगामात यंत्र वारंवार बंद पडून पेरणीस उशीर होत असता. उशिरा झालेल्या पेरणीने उत्पन्नात येणारी तूट हाही दुरुस्तीचाच खर्च समजावा. ब्रेक वा स्टिअरिंग खात्रीने दुरुस्त होत नसेल, तर कोणताही हिशेब न पाहता तो ट्रॅक्टर चालविणे थांबवावे.

नवा घेताना मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा. त्यात शक्ती व डिझेलचा खप ह्यांची मोजमापे दिलेली असतात.

वर्षाला ४०० तासच काम असेल, तर वरील उदाहरणातील नवा ट्रॅक्टर डिझेल व चालक वगळून तासाला सुमारे २७९ रुपयांना पडतो. हा खर्च गावातील भाडे-दराशी किंवा अवजारे बँकेच्या दराशी ताडून पाहावा. पुष्कळांना स्वतःच्या ट्रॅक्टरपेक्षा भाड्याचाच परवडेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक ट्रॅक्टरधारकास एक साधी वही ठेवावयास सांगावे. तीत तास, डिझेल, तेलबदल, दुरुस्ती व बंद पडलेले दिवस एवढीच नोंद असावी. दोन हंगामांची नोंद झाली म्हणजे यंत्र ठेवावे की बदलावे, हे ठरविण्यास शेतकऱ्यास विक्रेत्याच्या सल्ल्यावर अवलंबून राहावे लागणार नाही.